ड्रॉइंगच्या कोपऱ्यातला दयाराम

आधीच सांगून टाकतो, दयाराम हुमणेबद्दल लिहायचा मला काडीचाही अधिकार नाही. पण दुसरं कोण लिहिणार? लखनौतल्या आमच्या मानक नगरच्या बौद्ध मंडळातले लोक त्याच्याबद्दल 'कप्तान, कप्तान' करून हसतात तेव्हा माझं डोकं फिरतं. मग आठवतं, की त्यांना हसायला मीच शिकवलं. म्हणून आज, एकोणनव्वद साली, हे कागदावर उतरवतोय. बायकोला दाखवणार नाही.

दयाराम रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर आणि मी, श्रीपत रामटेके, ड्राफ्ट्समन. तो भंडारा जिल्ह्यातला, वैनगंगेच्या काठच्या गावचा. मी नागपूरचा, इंदोऱ्याचा. आमच्याकडे पाणी म्हणजे नळ, आणि तोही सकाळी एकदा यायचा. एकोणसत्तर साली मी बदलीवर लखनौला आलो तेव्हा मला क्वार्टर मिळालेलं नव्हतं. ओळख ना पाळख, हा माणूस चारबाग स्टेशनवर उभा. "आपल्याकडचा माणूस येऊन राह्यला असं समजलं जी," म्हणाला, आणि माझी लोखंडी पेटी खांद्यावर टाकून चालू लागला. चार महिने मी त्याच्या दोन खोल्यांत राहिलो. त्याच्या बायकोने, कांतावहिनींनी, मला रोज गरम भाकरी वाढली. तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, तरी तो मला 'साहेब, तुमी' म्हणायचा आणि मी त्याला अरेतुरे करायचो. का? तर मी टेबलावर काम करायचो आणि तो खाली वाकून. ह्याची लाज तेव्हा वाटली नाही. आता वाटते, पण आता वाटून काय उपयोग?

मंडळात त्याचा मान एकाच गोष्टीचा होता. बासष्ट साली त्याने नागपूरहून बुद्धाची हातभर उंचीची मूर्ती आणली होती. इटारसीला गाडी बदलून, झाशीला बदलून, दोन रात्री मांडीवर घेऊन. बाकाखाली ठेवायला मन होईना आणि वर सामानाच्या फळीवर ठेवायला भरवसा वाटेना. तेव्हापासून वैशाख पौर्णिमेला मूर्ती उचलायची ती दयारामनेच. पांढराशुभ्र शर्ट घालून तो मूर्ती छातीशी धरायचा आणि कॉलनीतून मिरवणूक निघायची. दुसरं काही त्याला मंडळाकडून नको होतं. भाषण नको, खुर्ची नको, फक्त ती मूर्ती त्या एका दिवशी त्याच्या हातात हवी होती.

त्याला नदीची फार आठवण यायची. दर रविवारी सायकलवर गोमतीवर जायचा, कुडिया घाटावर मल्लाहांजवळ, म्हणजे नावाड्यांजवळ, बसून यायचा. शहात्तर साली एकदा म्हणाला, "साहेब, लखनौत सारं आहे, पण पाण्यावर बसाले जागा नाही. एक बोट बनवू का?"

मला वाटलं मस्करी करतोय. पण गडी पक्का होता. त्याच्या गावाकडे वरात पलीकडे न्यायची असली की दोन डोंगे शेजारी ठेवून वर फळ्या बांधतात. एका डोंग्यात माणूस उभा राहिला की तो कलंडतो, जोडी कलंडत नाही. त्याला तसंच करायचं होतं, फक्त पत्र्याचं आणि इंजिन लावून. वरच्या सपाट फळ्यांवर मधोमध मूर्ती, भोवती आपले लोक, आणि पौर्णिमेची मिरवणूक पाण्यावरून. "दोन पोटायची बोट," तो म्हणाला, आणि हातांनी हवेत दोन लांब पोटं काढून दाखवली.

मंडळाने होकार दिला. अध्यक्ष बाबूराव तर खूशच झाले. त्यांना पाहुणे बोलवायला निमित्त हवंच असतं. आणि ड्रॉइंगसाठी दयाराम अर्थात माझ्याकडे आला; ते कोण काढतंय, हे मंडळात कुणी विचारलंही नाही.

मी काढलं, आणि झकास काढलं. सोळा फुटांची दोन पोटं, सालच्या लाकडाच्या फासळ्या, वर गॅल्व्हनाइज्ड पत्रा, सांध्यांना रिवेट आणि डांबर. ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईत, एकही डाग नाही. ते पूर्ण होताना दयाराम माझ्या मागे उभा होता. उजव्या हाताला खालच्या कोपऱ्यात चौकट असते. रेखाटन कोणाचं, तपासणी कोणाची, मंजुरी कोणाची. त्या चौकटीकडे बोट करून तो हळूच म्हणाला, "साहेब, इथं माझं नाव टाकसान का? वीस वर्षं झाली, लोकायच्या कागदावरून सामान बनवतो. बनवलं कोणी, ते कुठंच लिवत नाहीत."

मी हसलो. हो, हसलो. म्हटलं, "अरे येड्या, फिटरचं नाव ड्रॉइंगवर येत नसतं. तो नियम आहे." आणि त्याच्यादेखत तिन्ही घरांत माझंच नाव लिहिलं. रेखाटन श्रीपत रामटेके, तपासणी श्रीपत रामटेके, मंजुरी श्रीपत रामटेके. ऑफिसात मला मंजुरीच्या घरात सही करायला कोण देणार होतं! हौस फिटवून घेतली.

 दुसऱ्या दिवशी तो ड्रॉइंग नीट पाहून आला आणि म्हणाला, "पंखा तुमी मधात टाकला जी."

टाकला होता. इंजिन वर फळ्यांच्या मध्यावर, त्याची दांडी खाली, आणि पाण्यातला पंखा दोन्ही पोटांच्या बरोबर मधे. तोल सांभाळला जातो, आणि दिसतंही देखणं.

"मधी नको. दोन पोटायच्या मधी गल्ली होते. पुढून जे काही वाहून येते ते सारं त्या गल्लीत घुसते, अन् पंख्यात जाऊन गुतते. पंखा पार मागं घ्या, वर उचलता येईन असा. गुतला की उचलायचा, साफ करायचा, पुन्हा खाली."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, सणकच गेली डोक्यात. फिटरने मला शिकवायचं? मी म्हटलं, "दयाराम, सही झाली आहे. आता त्यात बदल नाही."

आता आमच्या कामाची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सही झालेल्या ड्रॉइंगला वर्कशॉपमध्ये कोणी हात लावत नाही. चुकलेलं दिसलं तरी फिटर ते तसंच बनवतो, एका सुताचाही फरक करत नाही. रेल्वेत ते बरोबरच आहे, नाहीतर प्रत्येक जण आपापला डबा बनवेल. पण ही काय रेल्वे होती? घरची बोट होती. तिथंही दयारामने माझ्या सहीचा मान ठेवला. आयुष्यभराची सवय. म्हणाला, "सही आहे तं ठीक आहे जी," आणि पंखा मधे बसवला.

सात महिने क्वार्टरच्या मागच्या मोकळ्या जागेत ठोकाठोक चालली. ड्यूटी संपली की दयाराम पत्र्याशी. पाणी उपसायच्या पंपाचं जुनं इंजिन त्याने नक्खासच्या कबाड्याकडून शोधून आणलं आणि पार सुटं करून पुन्हा जोडलं. पितळी पंखा यहियागंजच्या भांडी ओतणाऱ्याकडून ओतून घेतला. त्या ठठेऱ्याने विचारलं म्हणे, "ये कौन सा बर्तन है, भैया?" दयाराम ते सांगताना पोट धरून हसायचा. त्याची पोरगी माया तेव्हा दहा-बारा वर्षांची. शाळेतून आली की डांबराचा डबा धरून उभी राहायची.

जानेवारीत बोट पाण्यात टाकली. काय चालली महाराजा! धुक्यात धडधडत, दोन्ही पोटं पाणी कापत, वर आम्ही सहा जण उभे आणि बोट जराही हलत नाही. मल्लाह काठावर उठून उभे राहिले. मी दयारामच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "बघ, मधला पंखा! उगाच घाबरत होतास." तो हसला. "होय जी," म्हणाला. हिवाळ्यात त्या पट्ट्यात जलकुंभी, म्हणजे आपली जलपर्णी, नसते, हे मला ठाऊक नव्हतं. त्याला होतं.

सत्याहत्तरची वैशाख पौर्णिमा मे महिन्यात आली. गोमतीचं पाणी उतरलेलं, आणि त्यावर जलकुंभीचे हिरवे गालिचे तरंगत चाललेले, मधूनच पूजेचे हार, चिंध्या. घाटावर दीडशे माणसं. बाबूरावांनी नागपूरहून पाहुणे आणलेले, कॉलनीतले इतर लोकही तमाशा बघायला आलेले. दयाराम नव्या पांढऱ्या शर्टात, मूर्ती छातीशी धरून बोटीवर चढला, मूर्ती मांडली, तीनदा वाकला आणि इंजिन सुरू केलं. कुडिया घाटावरून डालीगंजच्या पुलापर्यंत जायचं होतं.

तिसऱ्या मिनिटाला इंजिन घरघरलं आणि बंद पडलं.

मी काठावर होतो. दुरूनच कळलं. गल्ली भरली होती, अगदी तो म्हणाला होता तशी. दोन पोटांनी सगळा कचरा गोळा करून पंख्याला भरवला होता. बोट आडवी होऊन वाहायला लागली. बोटीवर बसलेल्या पाहुण्यांनी बूट हातात घेतले. दयारामने खुरपं घेतलं आणि त्या नव्या शर्टानिशी पाण्यात उडी मारली. खाली जायचा, हातभर वेल तोडून वर यायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा खाली. एकदा वर आला तो डोक्यावर जलकुंभी आणि गळ्यात कुणाच्या तरी जुन्या साडीची चिंधी. काठावरचे दीडशे लोक हसले. माझ्या शेजारी उभे असलेले हसले आणि त्यांच्याबरोबर मीही हसलो. तोंड माझंच, हसलं ते.

शेवटी एका मल्लाहाने दोर टाकून बोट ओढून आणली. "इंजन से अच्छा तो हमारा बाँस है, बाबूजी," तो म्हणाला. दयाराम मूर्ती घेऊन उतरला तेव्हा शर्टावरून हिरवं पाणी गळत होतं, आणि मूर्तीला ते लागू नये म्हणून त्याने ती लांब, हात ताठ करून धरली होती.

बाबूराव भयंकर चिडले. पाहुण्यांपुढे शोभा झाली. रविवारी मीटिंग, ड्रॉइंग घेऊन या, चूक कोणाची ते बघू, असा निरोप आला.

मंडळात माझा रुबाब होता हो. पोरांना गणित मी शिकवायचो, अर्ज मी लिहून द्यायचो. 'ड्रॉइंगवाले श्रीपतराव.' ते सगळं आता जाणार होतं. शुक्रवारी मी सुट्टी टाकली. दुपारी दार लावून बसलो आणि अर्ध्या ब्लेडने ट्रेसिंगवरची शाई खरवडली. तिन्ही नावं. हे काम आम्हा ड्राफ्ट्समन लोकांना फार सफाईने येतं. मग रेखाटनाच्या घरात लिहिलं, दयाराम हुमणे. बाकीची दोन घरं मोकळी सोडली. बायको सुनंदा आत आली. "काय खरवडताय?" म्हणाली.

"शाई सांडली होती," मी म्हटलं.

लालबागच्या दुकानातून नवी प्रिंट काढून आणली आणि रविवारी बाबूरावांच्या हातात दिली. त्यांनी ती टेबलावर पसरली. पंखा कुठं आहे ते पाहिलं, मग कोपरा पाहिला. "नाव तर दयारामचं आहे," ते म्हणाले.

सगळे दयारामकडे वळले. तो उठून टेबलाजवळ आला. वाकला. कोपऱ्यातलं ते नाव त्याने बराच वेळ पाहिलं, एकेक अक्षर वाचत असावा.  आता बोलेल, मग बोलेल. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

"होय जी," तो म्हणाला. "माझंच."

बाबूरावांनी पाच मिनिटं तोंडसुख घेतलं. अनाडी माणसाने नसती उठाठेव करू नये, श्रीपतरावांसारखा माणूस घरात असताना त्यांना का नाही विचारलं, वगैरे. मी बसलो होतो तिथंच. शेवटी ठरलं, की यापुढे मूर्ती दयारामच्या हाती द्यायची नाही. त्यावर दयाराम पहिल्यांदा हलला.  मग एवढंच विचारलं, "हा कागद मी नेऊ का?" लोकांना वाटलं, लाज लपवायला नेतोय.

पुढच्या पौर्णिमेला मूर्ती कोणी उचलायची? मला दिली. आणि मी घेतली! पांढरा शर्ट शिवून घेतला आणि दहा वर्षं मी ती मूर्ती छातीशी धरून चाललो. दयाराम मिरवणुकीत सर्वांत मागे, बायकांच्याही मागे चालायचा.

बोटीचं म्हणाल तर त्याने ती मोडली नाही. महिन्याभरात पंखा मागे घेतला, वर उचलायला लोखंडी दांडा लावला, आणि तीच बोट गोमतीवर अशी चालली, की मल्लाह आपल्या होड्यांना तसाच पंखा बसवून मागायला लागले. पावसाळ्यात पाणी चढलं की पलीकडच्या वस्तीतली म्हातारी माणसं, दूधवाले, बाळंतीण, सगळ्यांना त्याने इकडून तिकडे नेलं. 'दो पेटवाले चाचा' म्हणायचे त्याला. त्या बोटीचं ड्रॉइंग कुणी काढलं नव्हतं. मंडळात मात्र तो 'कप्तान'च राहिला, आणि मी कधी ब्र काढला नाही.

सत्त्याऐंशी साली तो रिटायर झाला आणि जानकीपुरमला, जिथं तेव्हा घरांपेक्षा खांबच जास्त होते, दोन खोल्या बांधल्या. आमच्या मंडळाची रीत अशी, की कोणी नव्या घरात गेलं की मंडळाची मूर्ती तिथं न्यायची, वंदना घ्यायची आणि परत आणायची. नेणार कोण? मीच.

मूर्ती हातात घेऊन त्याच्या घरात शिरलो. समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत ती प्रिंट टांगलेली होती. दोन पोटं, मधला चुकीचा पंखा, आणि कोपऱ्यात माझ्या अक्षरात त्याचं नाव. माया आता मोठी झाली होती, शाळेत शिकवत होती. कुणाला तरी सांगत होती, "पापा ने ख़ुद डिज़ाइन की थी, देखिए, नाम लिखा है." मूर्ती हातात नसती तर मी तिथून पळून गेलो असतो. खरंच पळालो असतो.

वंदना झाली. मी ठरवलं, आज सांगायचं. चहाच्या आधी दयारामला मागच्या अंगणात घेऊन गेलो. "दयाराम," मी म्हटलं, "ते ड्रॉइंग..."

"तेच म्हणणार होतो जी." त्याने मान खाली घातली. "दहा वर्षं मनात ठेवलं. ते ड्रॉइंग तुमचं. अक्षर तुमचं, ब्लेडची खूण बी दिसते ना कागदावर. मले वाटलं, मी मागं म्हणलो होतो तं तुमी ध्यानात ठेवून माझं नाव टाकलं. नाही म्हणायले पाह्यजे होतं. पण नाव पाहून मोह झाला जी. माझंच, म्हणून टाकलं. पोरीले बी तसंच सांगतलं. तुमच्या मेहनतीवर दहा वर्षं मिरवलो. लाज वाटते. माफ करा मले."

त्याला खरंच तसं वाटत होतं, की मला माझ्या तोंडाने बोलावं लागू नये म्हणून तो आधी बोलला, हे मला आजही कळलेलं नाही. मी दोन वर्षं त्यावर डोकं फोडतोय. पण मी काय केलं ते सांगतो. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "राहू दे रे. झालं ते झालं."

मी त्याला माफ केलं! मी! दयाराम हुमणेला!

आतून बाबूरावांची हाक आली, "श्रीपतराव, चला, मूर्ती उचला, उशीर होतोय." मी आत गेलो. पंधरा-वीस माणसं, सगळे माझ्याकडे बघत होते. भिंतीवर ते ड्रॉइंग. एक वाक्य बोलायचं होतं. ती चूक माझी होती, एवढंच. ओठापर्यंत आलं.

"आज दयाराम उचलेल," मी म्हटलं.

"दयाराम? का?" बाबूरावांच्या कपाळाला आठ्या.

"माझी कंबर धरली आहे."

दयारामने माझ्याकडे पाहिलं. मग हात धुतले, शर्टाची बटणं नीट केली आणि मूर्ती छातीशी घेतली. रिक्षापर्यंत वीस पावलं असतील. कांतावहिनी दारातून डोळ्यांना पदर लावून बघत होत्या. बाबूराव माझ्या कानाशी म्हणाले, "मन मोठं आहे हो तुमचं."

रिक्षात सगळे मला जपून बसवत होते. संध्याकाळी घरी सुनंदाने मला पालथं झोपवलं आणि कमरेला बाम चोळला. "इथं दुखतं का?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि तिला चोळू दिलं.